निळ्या कव्हराखाली

“धर की गं कुंदे, धर! तुझ्या अंगानं उचलतंय!”

आबा ओरडत होते आणि मी धरलेलंच होतं. दोन्ही मुठींत तलावाच्या कव्हराची कड, गुडघे फरशीवर टेकलेले, पदर केव्हाच खांद्यावरून सुटून पाठीमागं फडफडत होता. धारखिंडीतून वारं सुटलं की आमच्या पठारावर माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत नाही. आबांचं मात्र यायचं. माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म घाटातून एसटी चालवली होती. नोकरी सुटली, पण इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय सुटली नव्हती.

“आधी पोतं, मग हात! हात सोडू नगं!”

मी पायानं वाळूचं पोतं ढकलत कडेवर आणलं आणि त्यावर बसूनच घेतलं. दावं ताणणाऱ्या खोंडासारखं कव्हर हिसके देत होतं. पलीकडं आबा चाचपडत दुसरं पोतं ओढत होते. त्यांना काचबिंदू. समोरचं तेवढं दिसायचं, तेही नळीतून बघितल्यासारखं. दोन्ही बाजूंना अंधार. तरी कव्हर फडफडल्याचा पहिला आवाज घरात त्यांनाच ऐकू यायचा आणि मी चपला घालेपर्यंत ते तलावाशी पोचलेले असायचे.

खिंडीकडची बाजू एकदाची गप झाली तेव्हा आम्ही दोघं तिथंच टेकलो. आबांना धाप लागली होती, पण धाप लागली म्हणून गप्प बसतील ते आबा कसले.

“त्या जयसिंगाला सांगून सांगून माझं तोंड वाळलं. चारी अंगांनी हुक ठोक, दोरी ओव, ताणून बांध. तलावातलं पाणी हातभर खाली गेलंय. कव्हराच्या पोटात वारं शिरायला जागाच जागा.”

“त्यांना फरशीला भोकं पाडायची नाहीत, आबा.”

“फरशी!” आबा बाजूला थुंकले. “लोकं पोहायला येणार हायत का फरशी चाटायला?”

जयसिंग म्हणजे माझे यजमान. पुण्यातली नोकरी सोडून त्यांनी आबांच्या जमिनीवर चार कॉटेजेस बांधल्या होत्या आणि मधोमध हा पोहण्याचा तलाव. पठारावर पाणी टँकरचं. उघडं ठेवलं तर वाऱ्यानं आटायचं, वर तांबडी धूळ आणि सिल्व्हर ओकचा पाला. म्हणून कव्हर. पहिलं कव्हर माघातल्या वाऱ्यानं उचललं आणि शेजारच्या काटेरी तारेवर नेऊन टाकलं, चिंध्या झाल्या. मग हे नवीन आणलं. ते पोचवायला आलेल्या माणसानंही हुकांचंच सांगितलं होतं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि तो गेल्यावर म्हणाले, “राजस्थानातून निवडून आणलाय मी एकेक दगड. त्याला भोकं? डोकं फिरलंय का?” म्हणून वाळूची पोती. ती वाहायची मी आणि आबांनी.

सुट्टीचा मोसम जवळ आला होता आणि जाहिरातीचे फोटो काढायला त्या दिवशी पुण्याहून माणूस येणार होता. दुपारी जेवणं झाल्यावर हे त्याला घेऊन वरच्या कॉटेजच्या गॅलरीत गेले. मी भांडी आवरत होते. एवढ्यात ह्यांची हाक आली.

“कुंदा, ही पोती कुणी ठेवली?”

“कुणी ठेवणार? सकाळी वारं सुटलं होतं.”

“अगं, पूर आलेल्या गावासारखं दिसतंय वरून. काढायला सांग.”

मी बाहेर येऊन वर बघितलं. फोटोवाला तरणाताठा मुलगा होता, कॅमेऱ्यातून बघत हसत म्हणाला, “वहिनी, इथून निळं कव्हर पाण्यासारखंच दिसतं. पोती नसली ना, तर कुणाला कळणारही नाही.”

“मग कव्हर काढून खरं पाणीच दाखवा ना.”

“हातभर खाली गेलेलं हिरवं पाणी?” हे म्हणाले. “ते बघून कोण येईल?”

“खिंडीकडची तरी राहू द्या. वारं पडलेलं नाही अजून.”

“कुंदा, आता ह्या वाऱ्याचं पुराण लावू नकोस. अर्धा तास. फोटो झाले की ठेवतो परत.”

ते खाली आले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी पोती ओढून झुडपामागं टाकली. इस्त्रीचा शर्ट मळला म्हणून वर चिडचिड. मी नुसती बघत उभी राहिले नव्हते, चांगली भांडले. “आबा झोपलेत, ते उठायच्या आत पोती जागेवर पाहिजेत,” असं दोनदा बजावलं. “हो गं बाई,” म्हणाले. ‘गं बाई’ म्हणायची त्यांची एक पद्धत होती, ती ऐकली की माझ्या कानशिलांत ठोके पडायचे.

फोटो झाले. मग गॅलरीतून दिसणाऱ्या डोंगराचे झाले. मग खोलीतल्या पलंगाचे, पडद्यांचे, फळांच्या परडीचे. चहा वर मागवला. मी चहा पाठवताना निरोप दिला, पोती. निरोप परत आला, आणखी थोडी साखर.

मी मागच्या अंगणात हौसाबाईंजवळ बसले. हौसाबाई आमच्याकडं स्वयंपाकाला. संध्याकाळच्या भाजीसाठी त्या कोवळा फणस फोडत होत्या. चीक लागू नये म्हणून कोयत्याला मुठीपर्यंत तेल चोपडलेलं. आणि तेवढ्यात ते सुरू झालं. आधी एक फटका, ओलं धोतर आपटल्यासारखा. मग दुसरा.

“कुंदे!” आबांचा आवाज. “कुंदे, सुटलं गं!”

मी पळाले. घराला वळसा घालून पुढं येते तो आबा तलावाच्या खिंडीकडच्या कडेला, अनवाणी, झोपेतून उठलेले, बंडीवरच. दोन्ही हातांत कव्हराचा कोपरा धरलेला आणि पाय मागं तिरपे रोवलेले. ते पायानं पोतं शोधत होते. डावीकडं चाचपडले, उजवीकडं चाचपडले. पोतं तिथं असायलाच हवं होतं, सकाळी त्यांनीच ठेवलं होतं.

“सोडा, आबा! सोडा ते!”

त्यांनी सोडलं नाही. घाटात गाडी मागं सरकायला लागली तरी स्टिअरिंग सोडायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. वारं कव्हराच्या पोटात शिरलं, अख्खं कव्हर लग्नाच्या मांडवासारखं वर फुगलं आणि आबांना पायाच्या बोटांवर उचलून त्यानं आत ओढून घेतलं. क्षणभर ते निळ्या कापडावर बसलेले दिसले. मग खालचं कापड खचलं. कव्हर त्यांच्यासकट पाण्यात बसलं आणि वरचा फुगा त्यांच्या अंगावर पडला.

मी उडी मारली. माझं माहेर कृष्णाकाठचं. पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेली मी, पाण्याची मला भीती नाही. पण ते पाणी नव्हतं. हात मारावा तिथं कव्हर, पाय मारावा तिथं कव्हर. आबा कुठं आहेत ते एका उंचवट्यावरून कळत होतं. तो हलत होता, आतून धडका देत होता. मी त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि वर उचलायला गेले. डोकं कापडासकट जरासं वर आलं आणि आतून घशातला एक आवाज आला. मी कड शोधत होते, आणि प्रत्येक वेळी कड सापडली असं वाटलं की ती दुसरीच घडी निघायची.

“हौसाबाई! कोयता!”

हौसाबाई माझ्या मागोमाग धावत आल्याच होत्या, हातातला कोयता तसाच. त्यांनी तो फरशीवरून माझ्याकडं सरकवला. तेलकट मूठ ओल्या हातात ठरेना. मी तो दोन्ही हातांत घट्ट धरला. पलीकडच्या कडेला हे पोचले होते. कव्हराचं दुसरं टोक धरून ते मागं रेलून ओढत होते. जेवढं ते ओढत, तेवढं कापड आबांभोवती आवळत होतं.

“ओढू नका! फास बसतोय! सैल सोडा!”

त्यांनी माझ्या हातातला कोयता बघितला.

“कापू नकोस! कुंदा, कापू नकोस, नवीन आहे!”

मी कापलं. उंचवट्याच्या कडेला माझ्या डाव्या हाताचा पंजा आडवा धरला आणि त्याच्या पलीकडं पातं घातलं. माझी दोन बोटं कापली गेली, ते मला नंतर कळलं. कापड टरकन फाटलं. आतून पाणी आणि आबांचं तोंड एकदमच बाहेर आलं, डोळे उघडे, ओठ काळेनिळे. फोटोवाला कपड्यांसकट पाण्यात उतरला होता. त्यानं आणि मी मिळून त्यांना कडेला आणलं. हौसाबाईंनी काखेत हात घालून वर घेतलं. पालथं केल्यावर आबांच्या तोंडातून किती पाणी निघालं, देव जाणे. मग एक खोकला आला. त्या खोकल्याइतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

खाली तालुक्याच्या गावी दवाखान्यात त्यांना ठेवून घेतलं. छातीत पाणी गेलं होतं, घसा सोलवटला होता. बोलायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. आबा बोलत नाहीत म्हटल्यावर बाकी सगळेच बोलायला लागले.

माझी नणंद सुलभाताई साताऱ्याहून आली. नातेवाईक येत-जात होते. हे खाटेच्या पायथ्याशी उभे राहून प्रत्येकाला सांगत, “मी एका बाजूनं कव्हर ओढून धरलं म्हणून निभावलं. नाहीतर आबा तळाशीच गेले असते.” लोक ह्यांच्या पाठीवर हात ठेवत. प्रत्येक खेपेला गोष्ट जराशी वाढायची. चौथ्या का पाचव्या खेपेला ह्यांनी पाण्यात उडीही मारली.

“आणि तू कोयता काय चालवलास गं?” सुलभाताई माझ्याकडं वळली. “आबांच्या डोक्यापाशी कोयता! एक हात चुकला असता म्हणजे? जयसिंग ओढत होता ना?”

माझ्या बोटांना टाके होते. मी हात पदराखाली घेतला, तो दुखत होता म्हणून नाही. तो तिच्या थोबाडीत बसेल अशी भीती वाटली म्हणून.

ह्यांना मी बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं.

“तुम्ही काय ओरडलात तेव्हा?”

“कधी?”

“मी कापायला घेतलं तेव्हा.”

“सांभाळून काप म्हणालो.”

“नवीन आहे म्हणालात.”

“वेडी आहेस का? माझा बाप बुडत होता, आणि मी असं म्हणेन?”

“म्हणालात. मी ऐकलं.”

“कुंदा, तुझ्या कानांत वारं होतं,” ते म्हणाले. इतक्या शांतपणे म्हणाले की शेजारून जाणाऱ्या नर्सला वाटलं असेल, काय समजूतदार नवरा आहे. “तू घाबरली होतीस. घाबरल्यावर माणसाला काहीही ऐकू येतं.”

मी हौसाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मी तर देवाचा धावा करत होते, बाई.” फोटोवाला त्याच संध्याकाळी परत गेला होता. म्हणजे ऐकणारी मी एकटी. दवाखान्यातल्या बाकावर बसून ते शब्द मी पुन्हा पुन्हा उगाळले. पाण्याचा, वाऱ्याचा, कापडाचा आवाज त्यांतून बाजूला काढून बघितला. शब्द तसेच राहिले. एखादवेळी वाटायचं, खरंच मला भास झाला असेल का? आणि तसं वाटलं की राग दुप्पट व्हायचा. कारण पोती काढली ती काढलीच, पण आता माझे कानही माझे राहू देत नव्हते.

दुसरं नवीन कव्हर आबांच्या आधी घरी पोचलं.

आबांना घरी आणलं त्या दिवशी ते तलावाशेजारी घडी घालून ठेवलेलं होतं, आणि बाजूला पोती. तीच पोती, वर आणखी चार नवी. मी ह्यांना म्हटलं, “हुक?” हे म्हणाले, “पोती वाढवलीत ना. आणि आबांना आता बाहेर सोडायचंच नाही. दाराला कडी लावत जा.”

दाराला कडी! ज्या जमिनीवर हे उभे होते, ती ज्यांची, त्यांनाच कडी!

मी तडक निघाले. कोपऱ्यातल्या कॉटेजमध्ये प्लंबरचं सामान पडलेलं होतं. त्यातलं ड्रिल मशीन उचललं, वायरचं वेटोळं घेतलं. हुकांचं खोकं कोठीत धूळ खात पडलेलंच होतं, पहिल्या कव्हराबरोबर आलेलं. खिंडीकडच्या कडेला बसले आणि राजस्थानी दगडावर टोक ठेवून बटण दाबलं. आधी ते घसरलं. दगडावर वाकडीतिकडी एक रेघ उठली. मी सगळा भार टाकला. पांढरी भुकटी उडाली, वाऱ्यानं ती माझ्याच तोंडावर आणली. भोक पडलं. मी दुसऱ्या जागेवर सरकले.

“कुंदा!” हे घरातून धावत आले. “बंद कर! बंद कर म्हणतो ना!”

मी बंद केलं नाही. त्यांनी व्हरांड्यातून वायरच उपटली. मशीन माझ्या हातात गुरगुरत थांबलं.

“अक्कल गहाण ठेवलीस का? सगळी फरशी नासवलीस!”

“तुमच्या बापाला नासवलंत, त्याचं काय?”

“तोंड सांभाळ.”

“तुम्ही सांभाळलं होतंत का त्या दिवशी?”

व्हरांड्यातली खुर्ची करकरली. आबा उठले होते. काठी टेकत, भिंतीला हात लावत ते आमच्याकडं आले. वारं होतंच. हे पुढं झाले, “आबा, तुम्ही कशाला आलात? आत चला, गारठा लागेल.”

“वायर लाव,” आबा म्हणाले.

तो आवाज आबांचा नव्हता. घाटातली गाडी गेली होती. खरखर तेवढी राहिली होती.

“आबा, हिला काही कळत नाही. त्या दिवशीही हिनं कोयता घेऊन...”

“मी कव्हराखाली होतो, जयसिंग. बहिरा नव्हतो.”

ह्यांचा हात वायरीवर तसाच राहिला.

“आत अंधार होता. नाकातोंडात पाणी,” आबा एकेक शब्द घशातून ओढून काढत होते. “हिनं डोकं वर धरलं होतं, म्हणून ऐकू आलं. ‘नवीन आहे.’ मला वाटलं, काय नवीन आहे म्हणतोय ह्यो? मेलो तरी मला कळंना. मग दवाखान्यात पडल्या पडल्या कळलं.”

मग हे म्हणाले, “आबा... तोंडातून गेलं हो.”

“तोंडात होतं म्हणून गेलं,” आबा म्हणाले.

आणि ते तिथंच, फरशीवर, मी पाडलेल्या भोकाशेजारी बसले. ह्यांनी वायर परत खोचली. मी मशीन सुरू केलं. दिवस मावळायच्या आत चारी बाजूंचे हुक बसले. मी भोकं पाडली, आबांनी चाचपडत हुक पिळले. ह्यांनी एकदा विचारलं, “मी धरू का?” मी आबांच्या हातात पुढचा हुक दिला. ते आत गेले.

त्यानंतर आबा सात-आठ वर्षं जगले. ह्यांच्याशी ते बोलायचे, जेवण, औषध, टँकर, असलं सगळं. मीही बोलायचे. घर चाललं, कॉटेजेस चालल्या. पण राग गेला का म्हणून कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तो चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली होता, आणि मी त्याच्यावर फुंकर घालत राहिले, हेही खरं. ती दवाखान्यातली गोष्ट नातेवाइकांत मात्र तशीच फिरत राहिली. ह्यांनी ती पुन्हा सांगितली नाही आणि कधी खोडलीही नाही.

आबांच्या तेराव्याला अंगणात पंगत बसली होती. मी भात वाढत होते. सुलभाताई डोळे पुसत शेजारणीला सांगायला लागली, “तलावात पडले होते ना आबा, तेव्हाच जायचे. पण जयसिंगनं जिवाची बाजी लावून वाचवलं. त्याच्यामुळं एवढी वर्षं मिळाली.”

पंगत हुंकारली. ह्यांनी हातातला घास पानावर ठेवला.

“मी नाही वाचवलं,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण पंगतीच्या टोकापर्यंत गेला. “कुंदानं वाचवलं. मी कव्हर वाचवत होतो.”

सुलभाताईचा पदर डोळ्यांपाशीच राहिला. कुणीतरी उगाच मीठ मागितलं. मी भाताचं पातेलं काखेत धरून उभी होते. ह्यांनी मान वर केली नाही, माझ्याकडं बघितलं नाही, पानाकडंच बघत राहिले. मला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की बरं वाटेल. तसं काही झालं नाही. एवढंच कळलं की माझे कान माझेच होते, आणि ते ह्यांनी आबा असताना बोलायला हवं होतं.

मी पुढच्या पानावर भात वाढला.